‘बहुतेक’ या शब्दाचे तर्कशास्त्र



गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेचे यंदाचे पुष्प नाणेघाटाशेजारच्या घाटघरला गुंफायचे ठरले, तेव्हा विषय मी मागून घेतला. गुरुजी आम्हाला गणित शिकवत. उत्तरपत्रिकेत ‘बहुतेक’ हा शब्द दिसला की त्याखाली तांबडी रेघ ओढत. गणितापुरते ते बरोबरच होते. पण सहलीच्या दिवशी पहाटे अंगणात उभे राहून आभाळाकडे बघत ‘बहुतेक दुपारपर्यंत धुके हटणार नाही, आज घाट उतरायचा नाही’ असे सांगणारेही तेच होते, आणि त्या वाक्यावर आमच्या आईबापांचा जेवढा विश्वास होता तेवढा कुठल्याही सिद्धांतावर नव्हता. ‘बहुतेक’लाही स्वतःचे नियम असतात का, ते लिहून काढता येतात का, आणि यंत्राला शिकवता येतात का, या प्रश्नांत माझी नोकरीची सगळी वर्षे गेली. त्याचा हिशेब आज गुरुजींच्या नावाने इथे मांडतो.

सुरुवात दाराशीच करू. पाणी वरून खाली वाहते. हे कोणाला शिकवावे लागत नाही. पण ऐन पावसाळ्यात नाणेघाटाच्या कड्यावर उभे राहा. कोकणातून आलेला वारा कड्यावर आदळतो, वर चढतो, आणि कड्यावरून पडणारी धार खाली न जाता तुषार होऊन उलटी वर येते. कडा सोडून गेलेले पाणी आपल्या तोंडावर येऊन पडते. आता पाणी खाली वाहते हा नियम खोटा ठरला काय? कोणीही शहाणा माणूस तसे म्हणणार नाही. नियम आहे, अपवादही आहे, आणि अपवाद कळल्यावर त्या एका जागेपुरता, त्या एका दिवसापुरता निष्कर्ष आपण मागे घेतो. दुसरे उदाहरण तुमच्या अंगणातले. फळ पिकले की त्याची किंमत वाढते. हिरड्याचे उलटे आहे. पिकण्याआधी तोडून वाळवलेला बाळहिरडा चढ्या भावाने जातो आणि झाडावर मोठा झालेला हिरडा स्वस्त. बाहेरून आलेला व्यापारी आंबा-फणसाचा नियम डोक्यात ठेवून आला, तर पहिल्याच दिवशी फसेल.

शाळेत शिकवतात त्या तर्कशास्त्रात असे मागे येणे बसत नाही. सगळी माणसे मर्त्य, अमुक माणूस, म्हणून तो मर्त्य. यात पुढे कितीही माहिती भरली तरी एकदा निघालेला निष्कर्ष तसाच राहतो. माहिती वाढली की निष्कर्षही वाढतात, कमी कधी होत नाहीत. गणिताला हे शोभते, कारण तिथे सिद्ध झालेले उद्या असिद्ध होता कामा नये. पण माणूस असा विचार करत नाही. संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९५९मध्ये यंत्राला व्यवहारज्ञान द्यायचे स्वप्न मांडले, आणि पुढची वीस वर्षे ते स्वप्न याच दगडावर आपटत राहिले. प्रत्येक नियमाबरोबर त्याचे सगळे अपवाद लिहायला बसलो, तर पहिलाच नियम पुरा होत नाही. १९८०मध्ये ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ या नियतकालिकाचा एक खास अंक निघाला. मॅकार्थींचा लेख त्यात होता, मॅकडरमॉट आणि डॉयल यांचा होता, आणि रेमंड रायटर यांचा ‘डिफॉल्ट’ नियमांवरचा लेखही होता. मागे घेता येणाऱ्या निष्कर्षांचे तर्कशास्त्र खऱ्या अर्थाने त्या अंकापासून उभे राहिले. त्यानंतर अशी तर्कशास्त्रे एकामागून एक आली. सगळ्यांची ओळख करून देणे हा आजचा हेतू नाही. त्यांतली तीन-चार एकाच कसोटीवर घासून बघायची आहेत, आणि ती कसोटी मला आपल्याच घरात सापडली.

पतंजलींच्या महाभाष्यात एक उदाहरण येते. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी महाभाष्य मराठीत आणले, त्यामुळे ते आपल्या भाषेतही वाचता येते. पंगतीत सांगितले जाते की ब्राह्मणांना दही वाढा, कौंडिन्याला ताक वाढा. कौंडिन्यही ब्राह्मणच. मग त्याच्या पानावर काय वाढायचे? व्याकरणकारांनी याला तक्रकौंडिन्यन्याय असे नाव दिले. त्या पंगतीत कोण बसत होते आणि कोणाला बसू दिले जात नव्हते, हा प्रश्न या उदाहरणाच्या आतच आहे, तो मी झाकत नाही. तर्काची घडी बघण्यापुरते उदाहरण हाती घेतो.

लहान मूलही सांगेल की कौंडिन्याला ताक. दही नाही. आता हीच पंगत रायटरांच्या पद्धतीने वाढून पाहू. त्यांचा नियम असा असतो: माणूस ब्राह्मण असेल आणि त्याला दही वाढण्याला आपल्या माहितीत काही विरोध नसेल, तर दही वाढ. दुसरा नियमही तसाच, माणूस कौंडिन्य असेल आणि विरोध नसेल, तर ताक वाढ. यंत्र कौंडिन्यासमोर येते, विरोध शोधते. दही आणि ताक एका पानावर वाढण्यात तर्कदृष्ट्या विरोध कुठे आहे? काहीच नाही. यंत्र दोन्ही वाढून पुढे जाते. नेमकी हीच गोष्ट महाभाष्यकारांनी हेरली आहे. दोन्ही वाढणे शक्य असूनही विशेष नियम सामान्य नियमाला अडवतो, असे त्यांचे म्हणणे आहे. एकाच प्रयोजनासाठी दोन नियम आले आणि त्यातला एक विशेष असला, तर बोलणाऱ्याचा आशय ‘याऐवजी ते’ असा असतो. तो आशय वाक्यात लिहिलेला नसतो, ऐकणारा तो आपल्या मनाने भरतो. आधुनिक पद्धतींना हे अजून सहज जमत नाही, कारण त्यांना टक्कर दिसते ती फक्त होकार-नकाराची.

बरे, ‘ज्याला ताक त्याला दही नाही’ असे तिसरे वाक्य आपण लिहून दिले, तर? रायटरांच्या पद्धतीत मग दोन जगे तयार होतात. एकात कौंडिन्याला दही, दुसऱ्यात ताक, आणि दोन्ही सारखीच मान्य. दुसरा नियम जास्त नेमक्या माणसाबद्दल आहे, म्हणून त्याला जास्त मान द्यावा, हे त्या पद्धतीला आपणहून कळत नाही. त्यासाठी पहिल्याच नियमाच्या पोटात ‘आणि तो कौंडिन्य नसेल’ असे घालावे लागते. उद्या कोणी आजारी निघाला, परवा कोणी दही न खाणारा निघाला, की दर वेळी जुना नियम उघडून शिवावा लागतो.

क्राउस, लेमन आणि मागिडोर यांनी १९९०मध्ये दुसरी वाट धरली. नियमांची घडण बघून कोण जास्त विशेष हे यंत्रानेच ओळखावे, अशी व्यवस्था त्या वाटेवर पुढे उभी राहिली. कौंडिन्य ब्राह्मणांत मोडतो, त्याच्याबद्दलचा नियम वेगळा निघतो, म्हणून तो असाधारण ठरतो, त्याला वरची पायरी मिळते आणि त्याचा नियम जिंकतो. ताक बरोबर त्याच्याच पानावर जाते. मला ही पद्धत पहिल्यांदा समजली तेव्हा फार आनंद झाला होता, आणि तो दुसऱ्याच दिवशी ओसरला. समजा, तिसरा नियम आहे की ब्राह्मणांना जेवणानंतर दक्षिणा द्यावी. कौंडिन्याला दक्षिणा मिळायला हवी, ताकाशी तिचा काय संबंध? पण या पद्धतीत एका बाबतीत असाधारण ठरलेला माणूस बाकीच्या सगळ्या साधारण गोष्टींनाही मुकतो. कौंडिन्य हात हलवत घरी जातो. या दोषाला त्या शास्त्रात बुडण्याचा प्रश्न म्हणतात. एका अपवादाचा दगड गळ्यात बांधला की माणूस आख्खाच बुडतो. हा दोष कागदावरचाच आहे असे समजू नका. एखाद्या योजनेच्या यादीत एका रकान्यात ‘वेगळा’ अशी खूण पडली म्हणून बाकीच्या हक्कांनाही मुकलेली माणसे तुम्ही पाहिली आहेत.

डोनाल्ड न्यूट यांची पद्धत दिसायला सगळ्यांत साधी. तिच्यात नियम तीन जातींचे. काही पक्के, कधीच न मोडणारे. काही ‘बहुतेक’चे. आणि तिसरे नुसते अडवणारे, जे स्वतः काहीच सिद्ध करत नाहीत, दुसऱ्याला फक्त थांबवतात. शिवाय कोणता नियम कोणापेक्षा वरचढ, याची एक यादी माणसाने उघडपणे लिहून द्यायची. ताकाचा नियम दह्याच्या नियमावर वरचढ, असे एकदा लिहिले की काम झाले. दक्षिणेचा नियम कोणी अडवला नाही, म्हणून ती मिळते. ही पद्धत वेगवानही आहे. मायकेल माहर यांनी २००१मध्ये दाखवून दिले, की नियम जितक्या पटीने वाढतील साधारण तितक्याच पटीने तिचे काम वाढते. रायटरांच्या पद्धतीचे काम मात्र नियम वाढले की भयंकर वेगाने फुगू शकते, हे जॉर्ज गॉटलोब यांनी १९९२मध्ये सिद्ध केले होते. पण मला न्यूट आवडतात ते वेगासाठी नाही. कोण कोणाला हरवतो हे तिथे कागदावर दिसते. ते वाचता येते, त्याच्याशी भांडता येते.

‘कोण वरचढ’ या प्रश्नावर आपल्या माणसांनी फार खोल काम केले आहे. काशीत राहिलेले नागोजीभट्ट काळे, म्हणजेच नागेशभट्ट, हे मराठी घराण्यातले. त्यांचा ‘परिभाषेन्दुशेखर’ हा ग्रंथ पाणिनीची सूत्रे कशी लावावीत आणि टकरीत कोणाला मान द्यावा, याचे नियम सांगतो. नियमांविषयीचे नियम. आधीचा, नंतरचा, नित्य, अंतरंग, अपवाद अशी चढती ताकद त्यात सांगितली आहे आणि सगळ्यांत वर अपवाद बसवला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी हा ग्रंथ १८६८ ते १८७४ या काळात संपादून इंग्रजीत आणला. यावरून ‘पाणिनीने संगणक शोधला’ असे जे लिहिले जाते, ते मला मुळीच पटत नाही. पाणिनींचे मोठेपण इतके भक्कम आहे, की त्याला अशा टेकूची गरज नाही.

नियम आणि अपवाद यांच्याच शोधात आता आपण इथल्या लेण्यात जाऊ. नाणेघाटाच्या तोंडाशी सातवाहनांचे लेणे आहे. भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात नागनिका राणीचा मोठा लेख आहे. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. आज त्यांची नावे वाचता येतात, खाली पावले तेवढी उरली आहेत. या लेखातले अंक भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी, आणि भगवानलाल इंद्रजींसारख्या विद्वानाने त्यावर डोळे शिणवले. पण लेखाचा मजकूर काय आहे? यज्ञांची यादी आणि दक्षिणेचा हिशेब. अग्न्याधेय, अन्वारंभणीया, अश्वमेध, राजसूय, गवामयन. एका ठिकाणी दक्षिणा म्हणून बारा गाई आणि एक घोडा, आणि ‘बारा’ हा आकडा अक्षरांतही आणि अंकातही दिलेला.

इतके यज्ञ झाले, तर ते करायचे कसे, हे ऋत्विजांना कुठून कळत असेल? प्रत्येक यज्ञाचा सगळा विधी ग्रंथात लिहिलेला नसतो. मीमांसाशास्त्र सांगते की काही यज्ञ प्रकृती असतात, त्यांचा विधी पूर्ण दिलेला असतो. बाकीचे विकृती. विकृतीत जेवढे वेगळे तेवढेच सांगितलेले असते आणि उरलेले सगळे प्रकृतीवरून आणायचे असते. इष्टी नावाच्या यज्ञांची प्रकृती दर्शपूर्णमास, सोमयागांची अग्निष्टोम. या आणण्याला अतिदेश म्हणतात आणि आणलेले काही गळते त्याला बाध. जैमिनींच्या सूत्रांचा दहावा अध्याय सगळा या बाधाचा. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी संपादलेला सात खंडांचा ‘मीमांसाकोश’ उघडला, तर या चर्चेचा पसारा केवढा आहे ते दिसते. आपल्या घाटाच्या तोंडावर कोरलेली ती यादी म्हणजे, माझ्या नजरेने, सामान्य नियम आणि अपवाद यांवर चाललेल्या कारभाराची नोंद आहे.

बाध का होतो, याची मीमांसकांनी तीन कारणे वेगळी केली. एक, स्पष्ट मनाई. दोन, जागी दुसरी वस्तू सांगणे. कुशाच्या जागी शर नावाचे गवत सांगितले की कुश गेला. तिसरे कारण मला सगळ्यांत मोलाचे वाटते. एका इष्टीत भाताऐवजी सोन्याचे कण, कृष्णल, तुपात शिजवायला सांगितले आहेत. प्रकृतीत भात कांडायचा असतो, म्हणून अतिदेशाने कांडणेही इथे येते. मग सोने उखळात घालून कांडायचे का? मीमांसक म्हणतात, नाही. कांडणे तूस काढण्यासाठी असते. सोन्याला तूस नाही. प्रयोजन गेले की क्रिया गेली, तिला कोणी मनाई करण्याची गरज नाही.

नियमाला हरवण्याचे दोन वेगळे प्रकार असतात, हे जॉन पोलॉक या तत्त्वज्ञाने विसाव्या शतकात ठसठशीतपणे मांडले. एका प्रकारात समोरून उलटा निष्कर्ष येतो. दुसऱ्यात उलटे काहीच येत नाही, नियम ज्या आधारावर उभा असतो तो आधारच निघून जातो. तांबड्या दिव्याखाली वस्तू तांबडी दिसली तर ती तांबडी नाही असे सिद्ध होत नाही, पण ‘दिसते म्हणून आहे’ हा आधार मात्र तुटतो. सोन्याच्या कांडण्याची जात हीच. फरक एवढाच, की मीमांसकांनी तो प्रयोजनाशी जोडला. आजच्या बहुतेक नियम-यंत्रांत नियमाबरोबर त्याचे ‘कशासाठी’ लिहिलेलेच नसते, म्हणून ती यंत्रे सोने कांडत बसतात. मीमांसा आज्ञांचे शास्त्र आहे, काय करावे ते सांगणारे. न्यूट-रायटर बहुतांशी काय मानावे ते सांगतात. हे अंतर मी विसरत नाही. पण कार्यालयातले यंत्र जेव्हा एखाद्या अर्जावर निर्णय देते, तेव्हा ते मानतही असते आणि करतही असते.

दोन नियम सारख्याच ताकदीचे निघाले तर? अतिरात्र यागात षोडशी नावाचा सोमरसाचा पेला घ्यावा, असे एक वचन आहे. घेऊ नये, असेही एक आहे. कोणी विशेष नाही, कोणी सामान्य नाही. अमेरिकेतल्या अभ्यासकांचे लाडके उदाहरण त्यांचे माजी अध्यक्ष निक्सन यांचे: ते क्वेकर पंथाचे, म्हणून शांततावादी असावेत, ते रिपब्लिकन पक्षाचे, म्हणून नसावेत. रायटर म्हणतात, दोन जगे धरा, कोणतेही निवडा. न्यूट म्हणतात, गप्प बसा, काहीच ठरले नाही. मीमांसकांनी अखेरीस विकल्प मान्य केला, घ्या किंवा घेऊ नका. पण तो मान्य करताना त्यांना चैन पडत नव्हते. विकल्प घेतला तर आठ दोष येतात, असे त्यांनी मोजून ठेवले. कारण एका वेळी एक वचन उचलले की दुसऱ्याला खोटे पाडल्यासारखे होते. दुसरी एखादी वाट निघत असेल तोवर विकल्पाकडे जायचेच नाही, ही त्यांची शिस्त. ‘दोन्ही बरोबर, वाटेल ते निवडा’ असे यंत्र पटकन म्हणाले की मला या आठ दोषांची आठवण होते.

आता एक गंभीर प्रसंग घेऊ. पावसाळ्यात घाट उतरून कोणाला मुरबाडच्या बाजूला जायचे आहे. एक वाटाड्या सांगतो, रात्रीच्या पावसाने पायऱ्यांची वाट वाहून गेली. दुसरा तितकाच भरवशाचा वाटाड्या सांगतो, वाट शाबूत आहे. आपल्याकडे दोन नियम आहेत. साधारणपणे माणसाला निघू द्यावे. वाट वाहून गेली असेल तर निघू देऊ नये, आणि हा नियम पहिल्यापेक्षा वरचढ. न्यूटांची मूळ पद्धत असा विचार करते: वाट वाहून गेली हे सिद्ध झाले नाही. म्हणजे अडवणाऱ्या नियमाचा आधार पुरा झाला नाही. म्हणजे पहिल्या नियमाला कोणी अडवत नाही. निघू द्या. शंका पहिल्याच पायरीवर जिरली, पुढे पोचलीच नाही. दुसऱ्या काही पद्धती, रायटरांचे सावध वाचन त्यातलेच, शंकेला पुढे वाहू देतात. वाटेबद्दल शंका, म्हणून निघण्याबद्दलही शंका, म्हणून निघा असा निष्कर्ष नाही.

या दोहोंतली बरोबर कोणती, यावर वर्षानुवर्षे वाद झाले आहेत. माझे मत मी ठामपणे सांगतो. एकच पद्धत सगळीकडे चालवणे हीच चूक आहे. आरोपीवरचा पुरावा दोन्ही बाजूंनी सारखाच निघाला तर शंका तिथेच जिरावी आणि तो सुटावा, न्यायाला तेच शोभते. कड्याच्या तोंडावर मात्र शंका शेवटपर्यंत पोचली पाहिजे. गुरुजींनी त्या पहाटे आम्हाला निघू दिले नाही, तेव्हा धुक्यात वाट दिसत नव्हती आणि कोणी वाट मोडल्याचेही सांगितले नव्हते. त्यांनी शंका पुढे वाहू दिली.

धुक्यावरूनच शेवटच्या, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत जड, मुद्द्याकडे येतो. इथून जीवधन किल्ला समोर दिसतो. श्रावणात एखाद्या दिवशी दिसत नाही. दिसत नाही म्हणून नाही, असे कोणी म्हणेल का? संगणकाला मात्र हीच सवय लावलेली असते. सापडले नाही म्हणजे नाही. रायटरांनी १९७८मध्ये आणि त्याच वर्षी कीथ क्लार्क यांनी या सवयीला नेमके रूप दिले. १९८८मध्ये गेलफाँड आणि लिफ्शिट्झ यांनी त्यावर सुंदर अर्थरचना उभी केली आणि आजच्या नियम-प्रणालींचा मोठा भाग त्यावर चालतो. रेल्वेच्या वेळापत्रकात गाडी लिहिलेली नाही म्हणजे गाडी नाही, इथे ही सवय उत्तम चालते. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक न दिसण्याला ज्ञानाचे एक वेगळे साधनच मानतात, अनुपलब्धी. पण ते एक अट घालतात, ती योग्यतेची. वस्तू असती तर दिसली असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्यावरून नसणे ठरवावे. उजेडात टेबलावर घडा दिसत नाही तर घडा नाही. अंधारात दिसत नाही तर काहीच ठरत नाही. तीच गोष्ट धुक्यातल्या जीवधनाची.

या अटीशिवाय नियम लिहिले की काय होते, ते जमिनीच्या कागदांत दिसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६ सांगते, की भोगवटादाराची जमीन वारसाने जाते आणि हस्तांतरितही करता येते. १९७४च्या दुरुस्तीने आलेले कलम ३६अ सांगते, की आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्री, दान, अदलाबदल, गहाण, पट्टा अशा मार्गांनी जाणार नाही. आणि त्याच कलमात अपवादाचा अपवाद आहे, जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी, आणि विक्रीसारख्या व्यवहाराला राज्य शासनाची आधीची मान्यताही. सामान्य, विशेष, त्याहून विशेष. न्यूटांच्या पद्धतीत हे तीन ओळींत मावते. इथे ‘मंजुरी सापडली नाही म्हणजे मंजुरी नाही’ ही सवय खातेदाराचे रक्षण करते, आणि मंजुरी दिली असती तर तिची नोंद असतीच, म्हणजे योग्यतेची अटही पुरी होते.

वनहक्काच्या दाव्यात मात्र तीच सवय उलटते. २००६च्या कायद्याने १३ डिसेंबर २००५पूर्वीपासूनचा कब्जा मान्य करायचा आहे. नोंद सापडली नाही म्हणून वहिवाट नव्हती, असे यंत्र म्हणेल. पण ज्या रानात मोजणीची साखळी कधी पोचली नाही, तिथे नोंद असती तर सापडली असती, असे म्हणता येत नाही. ते धुके आहे. २००८च्या नियमांनी हे ओळखले. पुराव्यांत सरकारी कागदांबरोबर जागेवरच्या खुणा धरल्या, आणि दावेदार सोडून इतर ज्येष्ठांचा लेखी केलेला जबाबही धरला. म्हाताऱ्या माणसाची आठवण हा पुरावा आहे, हे कायद्यात लिहिले गेले. ते वाचले तेव्हा कुमारिलांची अट मी दुसऱ्यांदा शिकलो.

आज बोलणारी यंत्रे आली आहेत. ती नियम लिहून घेत नाहीत, अफाट मजकुरातून ‘बहुतेक’ आपोआप उचलतात आणि पुष्कळदा बरोबरही उचलतात. पण कौंडिन्याच्या पानावर ताक का वाढले, याला ती जे कारण सांगतील तेच कारण आत खरोखर घडले होते, याची खात्री आपल्याला नसते. म्हणून गावातल्या माणसाच्या जमिनीचा, रेशनचा, निवृत्तिवेतनाचा निर्णय जिथे यंत्र घेणार असेल, तिथे नियम मराठीत छापलेले असावेत, कोणता नियम कोणावर वरचढ हे लिहिलेले असावे, आणि प्रत्येक ‘सापडले नाही’पुढे योग्यतेचा प्रश्न विचारलेला असावा, असा माझा आग्रह आहे. ते कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचले जावेत.

चहानंतर आपण शाळेच्या खोलीत बसणार आहोत. गुरुजींच्या काळातल्यासारखाच काळा फळा तिथे आहे. हिरड्याचे नियम मांडायचे आहेत: कधी तोडायचा, कोणत्या झाडाला हात लावायचा नाही, कोणाच्या झाडाखाली कोणी वेचायचे, भाव कसा ठरतो. पहिला नियम मी लिहीन. त्याचे अपवाद तुम्ही सांगायचे, आणि कोणता अपवाद कोणावर वरचढ, ते इथल्या म्हाताऱ्या मावश्यांना विचारून ठरवायचे.